बेळगाव ते ग्वाल्हेर विमानाने : अंतर १,२१७ किलोमीटर, उड्डाण दोन तासांचे, प्रवास मात्र दहा तासांचा

बेळगावच्या सांबरा विमानतळापासून ग्वाल्हेरच्या विमानतळापर्यंतचे हवाई अंतर सुमारे १,२१७ किलोमीटर आहे. मैलात सांगायचे तर ७५६, आणि वैमानिकांच्या सागरी मैलात ६५७. मोबाइलवर दोन्ही विमानतळांची नावे टाकली की हा आकडा येतो आणि त्याखाली उड्डाणाचा वेळ ‘दोन तास’ असा दिसतो. आकडा खोटा नाही. पण त्यावर विसंबून ग्वाल्हेरच्या मुंजीला किंवा दहाव्याला वेळेत पोहोचण्याचा हिशेब मांडला, तर तो हमखास चुकतो. हे दोन तास कुठून आले, त्यांचे दहा तास कसे होतात आणि मधल्या आठ तासांत प्रवाशाचे हक्क काय, याची ही माहिती.

अंतर कसे मोजतात

सांबरा विमानतळ १५.८६ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७४.६२ अंश पूर्व रेखांशावर आहे. ग्वाल्हेरचा विमानतळ २६.२९ उत्तर, ७८.२३ पूर्व. म्हणजे ग्वाल्हेर हे बेळगावच्या १०.४३ अंश उत्तरेला आणि ३.६१ अंश पूर्वेला. अक्षांशाचा एक अंश म्हणजे जमिनीवर साधारण १११ किलोमीटर. त्यामुळे उत्तरेकडचे अंतर झाले सुमारे १,१५८ किलोमीटर. रेखांशाचा अंश मात्र सगळीकडे सारखा नसतो. विषुववृत्तावर तो १११ किलोमीटरचा, तर ध्रुवाकडे जाताना लहान होत जातो. बेळगाव आणि ग्वाल्हेरच्या मधल्या पट्ट्यात तो १०३-१०४ किलोमीटरचा भरतो. म्हणून पूर्वेकडचे अंतर सुमारे ३७३ किलोमीटर. आता शाळेतला काटकोन त्रिकोण आठवायचा. दोन्ही बाजूंचे वर्ग, त्यांची बेरीज, तिचे वर्गमूळ. उत्तर १,२१७.

पृथ्वी गोल असल्याने संकेतस्थळे थोडे वेगळे सूत्र वापरतात. त्यात कोणी पृथ्वीला पूर्ण गोल धरते, कोणी ध्रुवाकडे किंचित चपटी. कोणी विमानतळापासून मोजते, कोणी गावाच्या मध्यापासून. त्यामुळे एके ठिकाणी १,२१५ आणि दुसरीकडे १,२२० दिसले तर गोंधळायचे कारण नाही. चार-पाच किलोमीटर म्हणजे विमानाच्या वेगाने अर्ध्या मिनिटाचाही फरक नाही.

जमिनीवरचे अंतर वेगळे. रस्त्याने पुणे, धुळे, इंदूर, गुना, शिवपुरी असे जावे तर चौदाशे किलोमीटरच्या पुढे जाते. रेल्वेने त्याहून जास्त, कारण गोवा एक्स्प्रेस पुणे, अहिल्यानगर, मनमाड, भुसावळ, इटारसी, भोपाळ, झाशी असा मोठा वळसा घेते. रुळांवरचे हे अंतर सतराशे किलोमीटरच्या घरात आहे.

‘दोन तास’ आले कुठून

इंटरनेटवरच्या बहुतेक गणकांची रीत सोपी आहे. विमानाचा वेग ताशी ८०० किलोमीटर धरायचा, अंतराला त्याने भागायचे आणि चढणे-उतरणे यासाठी अर्धा तास मिळवायचा. १,२१७ भागिले ८०० म्हणजे एक तास एकतीस मिनिटे. त्यात तीस मिळवले की दोन तास एक मिनिट. बस्स, एवढेच. त्या मार्गावर विमान आहे की नाही, हे गणक पाहतच नाही. तुम्ही सांबऱ्याऐवजी एखाद्या माळरानाचे अक्षांश-रेखांश घातले तरी तो तितक्याच आत्मविश्वासाने उत्तर देईल.

बेळगाव आणि ग्वाल्हेर यांना जोडणारी थेट नियमित विमानसेवा नाही. तरीही हा दोन तासांचा आकडा निरर्थक म्हणता येत नाही. उद्या कोणी सेवा सुरू केली तर ती किती वेळाची असेल, याचा तो अंदाज आहे. ७६ आसनांचे एम्ब्रेअर १७५ किंवा एअरबस ३२० असेल तर दोन तास ते सव्वादोन तास लागतील. पंख्याचे एटीआर ७२ असेल तर वेग ताशी पाचशेच्या आसपास, म्हणजे पावणेतीन-तीन तास. भरल्या आसनांनिशी इतका पल्ला एटीआरला पेलतो, पण मग फार काही शिल्लक राहत नाही. हे विमान तीनशे-पाचशे किलोमीटरच्या फेऱ्यांसाठी असते.

तिकिटावर छापलेला वेळ हा हवेतला वेळ नसतो, हेही ध्यानात घ्यायला हवे. विमान जागेवरून हलते तिथपासून ते दुसऱ्या विमानतळावर जागेवर थांबते तिथपर्यंतचा तो वेळ असतो. धावपट्टीपर्यंत जाणे, रांगेत थांबणे, उतरण्याआधी आकाशात घिरट्या घालणे हे सगळे त्यात येते. म्हणूनच दिल्ली ते ग्वाल्हेर हे अंतर अवघे २७५ किलोमीटर असूनही तिकिटावर तासाभराचा वेळ दिसतो. ताशी ८०० च्या वेगाने ते वीस मिनिटांत कापले जायला हवे. उरलेली चाळीस मिनिटे जमिनीवर आणि चढ-उतारात जातात. ही चाळीस मिनिटे लांबच्या प्रवासातही तितकीच असतात, म्हणून छोट्या टप्प्याचे विमान नेहमी महाग आणि मंद वाटते.

वाऱ्याचा परिणाम या मार्गावर फारसा नाही. हिवाळ्यात उत्तर भारतावर वरच्या थरात पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. कोलकाता ते दिल्ली विमानाला ते समोरून लागतात आणि वेळ वाढतो. बेळगाव-ग्वाल्हेर हा मार्ग जवळपास सरळ दक्षिणोत्तर आहे, उत्तरेपासून पूर्वेकडे सतराएक अंश कललेला. वारा कुशीवर येतो, छातीवर नाही.

वाटेत थांबले की अंतर बदलते

थेट विमान नसल्याने कुठेतरी बदलावे लागते आणि कुठे बदलता यावर सगळा हिशेब फिरतो.

दिल्लीमार्गे जायचे तर बेळगाव-दिल्ली सुमारे १,४३० किलोमीटर, तिथून मागे फिरून ग्वाल्हेर २७५. एकूण १,७०५. म्हणजे विमानाने जाऊनही अंतर गोवा एक्स्प्रेसएवढेच! गंमत अशी की दिल्लीला जाताना विमान ग्वाल्हेरच्या आसपासच्या आकाशातून पुढे निघून जाते आणि प्रवासी काही तासांनी तिथेच परत येतो.

बंगळूरमार्गे आधी ४४५ किलोमीटर उलट्या दिशेला, मग १,४५५ किलोमीटर उत्तरेला. बेरीज एकोणीसशे. हैदराबादमार्गे सुमारे १,४४०, मुंबईमार्गे १,३७५.

आणि इंदूरमार्गे? बेळगाव-इंदूर ७७०, इंदूर-ग्वाल्हेर ४६७. एकूण १,२३७. सरळ रेषेपेक्षा फक्त वीस किलोमीटर जास्त. नकाशावर पट्टी ठेवून पाहावी, इंदूर जवळजवळ त्या रेषेवरच आहे. हा योगायोग म्हणायचा तर म्हणावा. पण दख्खनेतून उत्तरेला जाणारी जुनी वाट माळव्यातूनच होती. साताऱ्याजवळच्या कण्हेरखेडचे शिंदे ग्वाल्हेरला आणि होळकर इंदूरला स्थिरावले ते याच वाटेवर. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली मराठी घरे आणि इंदूरची मराठी वस्ती हे त्याच वाटेचे मागे राहिलेले मुक्काम आहेत. उलट दिशेने ग्वाल्हेरची गायकी आपल्याकडे आली, तीही अशाच प्रवासातून. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ग्वाल्हेर परंपरेच्या वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे शिकले आणि ती विद्या त्यांनी महाराष्ट्रात रुजवली. आज इचलकरंजीच्या माणसाला जवळच्या कोल्हापूर किंवा बेळगाव विमानतळावरून ग्वाल्हेरला थेट जाता येत नाही.

इंदूरचा मार्ग कागदावर सर्वात चांगला, पण व्यवहारात सर्वात बेभरवशाचा. २०२० च्या जानेवारीत स्टार एअरने बेळगाव-इंदूर सेवा सुरू केली तेव्हा सीमाभागात तिचे मोठे कौतुक झाले होते. पन्नास आसनांचे विमान होते. इंदूर-ग्वाल्हेर मार्गावरही छोटी विमाने चालली आहेत. अडचण अशी की अशा फेऱ्या रोज नसतात, त्यांचे वार बदलतात आणि दोन वेगळ्या कंपन्यांचे वेळापत्रक एकमेकांशी जुळेलच असे नाही. पहिल्या विमानाने दुपारी इंदुरात उतरायचे आणि पुढचे विमान दुसऱ्या दिवशी, असे झाले तर वीस किलोमीटरच्या बचतीचा उपयोग काय? इंदुरात नातेवाईक असतील तर एक रात्र राहून पोहे-जिलेबी खाऊन पुढे जाण्याचा बेत मात्र वाईट नाही. तिथून ग्वाल्हेरला रात्रीची रेल्वे आणि बसही मिळते.

दहा तासांचा जमाखर्च

दिल्लीमार्गे जाणाऱ्या प्रवाशाचा दिवस असा जातो. बेळगाव शहरातून सांबऱ्याला अर्धा तास. उड्डाणाच्या दीड तास आधी पोहोचणे. दिल्लीपर्यंत अडीच तासांच्या आसपास. दिल्लीत पुढच्या विमानासाठी तीन ते पाच तास. ग्वाल्हेरपर्यंत एक तास. सामान मिळायला वीस-पंचवीस मिनिटे आणि महाराजपुऱ्यातल्या विमानतळावरून लष्कर किंवा मुरारमधल्या घरी पोहोचायला अर्धा-पाऊण तास. बेरीज दहा तासांच्या अलीकडे-पलीकडे. यातले हवेतले तास तीन-साडेतीन. बाकी सगळे बसणे, रांगा आणि सिक्युरिटी.

दिल्लीतला मधला थांबा कमी करायचा तर एक पर्याय अनेक ग्वाल्हेरकर वापरतात. दिल्लीला उतरून रेल्वे धरायची. हजरत निजामुद्दीनहून गतिमान, वंदे भारत अशा गाड्या ग्वाल्हेरला तीन ते साडेतीन तासांत पोहोचवतात. विमानतळावरून स्टेशन गाठायला तास-सव्वा तास धरला तरी एकूण वेळ विमानाइतकाच होतो. शिवाय ग्वाल्हेरचे विमान धुक्यामुळे रद्द झाले, ही चिंता राहत नाही. रेल्वेलाही धुक्यात उशीर होतो, पण ती सहसा निघते तरी.

आता गोवा एक्स्प्रेस. वास्कोहून येणारी ही गाडी संध्याकाळी बेळगावला येते आणि साधारण तीस तासांनी, म्हणजे दुसऱ्या दिवसाची रात्र उलटल्यावर, ग्वाल्हेरला सोडते. गाडी बदलणे नाही, पंधरा किलोची मर्यादा नाही, घरचा डबा सोबत. वयस्कर माणसांना दिल्लीच्या टर्मिनलमध्ये पायपीट करायला लावण्यापेक्षा हीच गाडी बरी, असे अनेक घरांतले मत आहे आणि ते चुकीचे नाही. फक्त मध्यरात्री ग्वाल्हेर स्टेशनवर उतरवून घ्यायला कोणीतरी हवे.

विमानाने वीस तास वाचतात, हे खरे. ते वाचवण्यासाठी किती मोजायचे, हा ज्याचा त्याचा प्रश्न. सणासुदीला आणि लग्नसराईत आयत्या वेळचे विमानभाडे रेल्वेच्या एसी डब्याच्या कितीतरी पट होते.

थेट विमान का नाही

२०१६ मध्ये जाहीर झालेल्या ‘उडान’ योजनेत छोट्या विमानतळांना जोडणाऱ्या मार्गांवर कंपनीला होणारी तूट सरकार काही प्रमाणात भरून देते. ही मदत साधारण तीन वर्षांसाठी असते. आधी या मार्गांच्या लांबीवरच मर्यादा होती. २०२३ मध्ये ‘उडान ५.०’ आली तेव्हा ती ६०० किलोमीटरची अट काढली, पण मदतीचा हिशेब ६०० किलोमीटरपर्यंतच धरायचा, असे ठरले. बेळगाव-ग्वाल्हेर मार्ग त्याच्या बरोबर दुप्पट. म्हणजे अर्ध्या वाटेच्या पुढचा सगळा इंधनाचा खर्च कंपनीच्या पदरात. ७६ आसने रोज भरतील इतकी वर्दळ या दोन गावांत नाही आणि आठवड्यातून दोनदा विमान ठेवले तर ज्याला तातडी आहे त्याच्या ते कामाचे नाही. वाणिज्य शाखेचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही या ताळेबंदावर शेरा मारून मोकळा होईल.

जमेची बाजू एक आहे. दोन्ही विमानतळ आता पूर्वीसारखे टपरीवजा राहिलेले नाहीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ मध्ये बांधलेल्या सांबऱ्याची धावपट्टी वाढवून २,३०० मीटर केली आणि २०१७ च्या सप्टेंबरमध्ये नवे टर्मिनल सुरू झाले. त्यामुळे इथे एअरबस ३२० उतरू शकते. ग्वाल्हेरच्या नव्या टर्मिनलचे उद्घाटन मार्च २०२४ मध्ये झाले. मात्र ग्वाल्हेरची धावपट्टी भारतीय हवाई दलाची आहे. मिराज २००० लढाऊ विमानांचा तो तळ आहे. नागरी विमानांना हवाई दलाच्या सोयीने वेळ मिळते, हवी तेव्हा नाही. सांबऱ्यालाही शेजारी हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. ग्वाल्हेरला धावपट्टीच्या बाजूला फोटो काढायला बंदी असते. नातवाला खिडकीतून व्हिडिओ काढायची हौस असेल तर आधीच सांगून ठेवावे.

कोणत्या महिन्यात काय धोका

डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीअखेरपर्यंत ग्वाल्हेर आणि दिल्ली दोन्हीकडे दाट धुके. सकाळची विमाने उशिरा येतात किंवा रद्द होतात. त्या दिवसांत ग्वाल्हेरला दुपारी उतरणारे विमान घ्यावे.

जुलै-ऑगस्टमध्ये पारडे उलटे होते. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंचीवर आहे आणि पावसाळ्यात ढग अक्षरशः धावपट्टीवर टेकतात. उतरता आले नाही तर विमान दुसरीकडे वळवतात. मग रात्री बसने घरी.

मे-जूनमध्ये ग्वाल्हेरचा पारा ४५ अंशांवर जातो. तापलेली हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, म्हणून छोट्या विमानांना दुपारी वजन कमी करावे लागू शकते. शक्य तर सकाळचे किंवा संध्याकाळचे तिकीट काढावे.

विमानांचे वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलते. मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी. दिवाळीच्या सुमारास किंवा एप्रिलच्या लग्नासाठी फार आधी तिकीट काढले असेल तर या बदलानंतर वेळा पुन्हा तपासाव्यात. पहिल्या विमानाची वेळ तासभर पुढे गेली की पुढचे विमान हुकते.

एक तिकीट की दोन

सगळ्यात जास्त पैसे इथे बुडतात. बेळगाव-दिल्ली आणि दिल्ली-ग्वाल्हेर ही दोन्ही विमाने एकाच पीएनआरवर असतील तर पहिल्याला उशीर होऊन दुसरे हुकल्यास पुढची सोय करणे कंपनीचे काम. सामानही बेळगावला दिले की ग्वाल्हेरलाच मिळते. पण शे-पाचशे रुपये वाचतात म्हणून दोन वेगळी तिकिटे काढली, तर दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने तुम्ही फक्त ‘न आलेला प्रवासी’. पैसे गेले. शिवाय दिल्लीत सामान घेऊन बाहेर यायचे, टर्मिनल बदलायचे, पुन्हा रांगेत उभे राहायचे आणि देशांतर्गत विमानांचा काउंटर उड्डाणाच्या साधारण तासभर आधी बंद होतो. टर्मिनल १ ते टर्मिनल ३ हे अंतर काही किलोमीटरचे आहे, चालत जाण्याजोगे नाही. वेगळी तिकिटे घ्यायचीच असतील तर मध्ये चार तास ठेवावेत. धुक्याच्या दिवसांत असा जुगार खेळूच नये.

आणि इथे तो तिकिटावरचा वेळ पुन्हा कामाला येतो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या नियमांनुसार, कंपनीने वेळेत न कळवता विमान रद्द केले तर परतावा किंवा दुसरे विमान याशिवाय भरपाईही द्यावी लागते. ती उड्डाणाच्या छापील वेळेवर ठरते. एक तासापर्यंतच्या विमानासाठी ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या विमानासाठी ७,५०० आणि दोन तासांवरच्या विमानासाठी १०,००० रुपये. किंवा मूळ भाडे अधिक इंधन आकार, यापैकी जे कमी असेल ते. म्हणजे बेळगाव-दिल्ली विमान वरच्या गटात येते आणि दिल्ली-ग्वाल्हेर सहसा खालच्या दोन गटांत.

अडीच तासांपर्यंतच्या विमानाला दोन तास किंवा अधिक उशीर झाला, आणि प्रवासी वेळेवर हजर असेल, तर खाण्यापिण्याची सोय कंपनीने करायची असते. अडीच ते पाच तासांच्या विमानाला ही मर्यादा तीन तासांची. काउंटरवर मागितल्याशिवाय ती मिळत नाही, हा सर्वसाधारण अनुभव. धुके, वादळ, हवाई दलाने धावपट्टी बंद ठेवणे अशी कंपनीच्या हातात नसलेली कारणे असली तर रोख भरपाई मिळत नाही. परतावा किंवा दुसऱ्या विमानाचा हक्क मात्र राहतो. कंपनीने मोबाइलवर पाठवलेला रद्द झाल्याचा संदेश पुसू नये. तो कधी आला, यावर भरपाई मिळणार की नाही हे ठरते. तिकीट एजंटाकडून काढले असेल तर त्याने कंपनीला प्रवाशाचाच नंबर दिला आहे ना, हे आधी पाहावे. नाहीतर संदेश एजंटाच्या फोनवर जातो आणि प्रवासी पहाटे पाच वाजता सांबऱ्याच्या बंद दरवाज्यासमोर उभा असतो.